बिज्याचं टेबल

अंजना गेल्याला चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत प्रेमानंद नंदेश्वरच्या हातून एकही काम वाकडं झालं नव्हतं. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या लोकांना याचंच नवल वाटायचं. बायको गेली की माणसाचं कामावरून मन उडतं, तो दारूला लागतो, नाहीतर दिवसभर विहाराच्या पायरीवर बसून राहतो. प्रेमानंदनं यातलं काहीच केलं नाही. सकाळी साडेआठला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं असलेल्या आपल्या टिनाच्या शेडचं कुलूप काढायचं, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी भुसा झाडून कुलूप लावायचं. दारं काटकोनात बसत होती, ड्रॉवर एका बोटानं ढकलला तरी सुरकन आत जात होता. फक्त डब्यात आज काय होतं असं कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही.

त्याची मुलगी मयुरा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. पहाटे उठून दोघांचे डबे करायची आणि स्कूटीवर निघायची. एकदा तिनं मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. बापानं दोन वाट्या वरण भाताशी कालवून खाल्लं, ताट घासायला ठेवलं आणि पंख्याखाली जाऊन आडवा झाला. मयुरा स्वयंपाकघरातच बसून राहिली. आई गेल्याच्या दिवशीही बाबा असेच होते. लोक येत होते, बायका रडत होत्या आणि हे दारात उभं राहून प्रत्येकाला चपला सावलीत काढायला सांगत होते.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. त्याचा बाप गिरणीत कामाला होता, पण पोराला त्यानं आयटीआयला सुतारकामाला घातलं आणि पोराला लाकडाचं वेडच लागलं. नखानं ओरखडा काढून, फळी उचलून तिचं वजन पाहून तो लाकडाची जात सांगायचा. गिऱ्हाइकाशी भांडायचा. चांगल्या सागवानावर सनमायका चिकटवायला सांगितलं तर सरळ म्हणायचा, "मंग प्लायचं करा ना बाप्पा, सागवान काहून वाया घालवता?" अंजना मध्ये पडायची, चहा ठेवायची, गिऱ्हाईक शांत व्हायचं. आता कुणी सनमायका म्हटलं की तो सनमायका मारत होता. रंग म्हटलं की रंग.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गोपाळराव फुलझेले शेडमध्ये आले. पोस्टातून रिटायर झालेले, वस्तीतल्या मैत्री बुद्ध विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी तीसचाळीस मुलंमुली प्लॅस्टिकच्या डुगडुगत्या टेबलांवर माना मोडून बसायची. वस्तीनं वर्गणी काढून त्यांच्यासाठी एक लांब टेबल करायचं ठरवलं होतं.

"बारा फूट लांब पायजे," गोपाळराव म्हणाले. "अन् असं पायजे का आपली नातवंडं बी त्याच्यावरच शिकली पायजेत. नवं सागवान आपल्याले झेपत नाई. जुन्या लाकडाचं पाह्य. पण बुद्धपौर्णिमेले वर चढलं पायजे."

"बरं," प्रेमानंद म्हणाला.

गोपाळराव जरा थांबले. त्यांना वाटलं होतं की तो लाकडावरून वाद घालेल, तीन आठवडे पुरायचे नाहीत असं म्हणेल. पण तो तोपर्यंत रंध्याच्या पात्याला धार लावायला बसलाही होता.

जुनं लाकूड वाडीतच मिळायचं. अमरावती रोडला लागून जुन्या इमारतींचं लाकूड विकणारं एक गोदाम होतं, तिथे धोंडबा माल उतरवून, खिळे काढून, जातवार लावून ठेवायचा. साठीचा, काटक माणूस. प्रेमानंद आणि तो वीस वर्षांचे ओळखीचे.

"आलास गा बरा वेळेवर," धोंडबा म्हणाला. "काटोलले संत्र्याच्या व्यापाऱ्याचं गोदाम पाडलं, त्याच्या तुळया आल्या. लोक सागवान म्हून पाहून राहिले, पण सागवान नोहे. इकडे ये."

तुळया आठ होत्या, वरून धुरानं आणि वयानं काळ्याठिक्कर पडलेल्या. धोंडबानं एकीवर वाकसाचे दोन घाव घातले. ढलपी उडाली आणि आतून सोनेरी तपकिरी रंग निघाला, त्यातून गडद रेषा वळत वळत गेलेल्या.

"बिजा," धोंडबा म्हणाला. "अन् पाह्य, ऐंशी वर्सं झाली असतील, एक उधळी नाई लागली. आता जंगलातून असा बिजा कोन आणू देते? परमिट घेता घेता माणूस मरून जाईल."

प्रेमानंदनं हात लावला नाही. बिजा त्यानं चौदा महिन्यांत हाती धरला नव्हता. अंजनाला साखरेचा आजार होता. तीन वर्षांपूर्वी एका खाटेच्या खुरातून उरलेल्या बिज्याच्या ठोकळ्याचा त्यानं लेथवर तिच्यासाठी एक पेला कातला होता. रात्री त्यात पाणी भरून ठेवलं की सकाळी त्याला चहासारखा रंग यायचा. ते पाणी साखरेवर चांगलं, असं सगळी वस्ती म्हणायची आणि अंजना ते रोज अनशापोटी प्यायची. मग तिच्या पायाच्या अंगठ्याला एक साधी ठेच लागली. ती बरी झालीच नाही. अंगठा, मग पाऊल, मग दवाखान्यातले एकोणीस दिवस.

"काय गा, नाई पसंत?" धोंडबानं विचारलं.

"पाठव," प्रेमानंद म्हणाला.

काम सुरू झालं. बिजा सागवानासारखा निमूट लाकूड नाही. त्याची रेषा एका दिशेनं जात नाही, गुंतत जाते. रंधा सरळ चालवावा तर मध्येच उलटी रेषा येते आणि चिमटीएवढं लाकूड उपटून नेते. म्हणून पातं अगदी बारीक लावून, आडवंतिडवं चालवून, शेवटी खरवडून पृष्ठभाग आणावा लागतो. खिळा तर सरळ घुसतच नाही, आधी भोक पाडावं लागतं. वजन असं की बारा फुटांची एक फळी उलटायला दोन माणसं लागतात. पण सगळं नीट झालं की त्याच्याइतकं देखणं लाकूड शोधून सापडायचं नाही. उजेड फिरला की रेषा हलल्यासारख्या दिसतात.

प्रेमानंदनं सगळं नीट केलं. जुन्या खिळ्यांची भोकं त्याच लाकडाच्या गुट्ट्यांनी बुजवली. टेबलाच्या खुरांना, म्हणजे पायांना, टोकाशी कूस काढून ती खाचांत घट्ट बसवली, स्क्रू पितळेचे घातले. घामानं भिजलेल्या बनियनवर भुसा बसून पिवळे डाग पडायचे, हातांच्या रेघाही पिवळ्या व्हायच्या. तो नळाखाली हात धरायचा, पिवळं पाणी वाहताना बघायचा आणि नळ बंद करायचा. त्याला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. कधी कधी त्याला या गोष्टीचीच भीती वाटायची, पण तीसुद्धा लांबून, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशी.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी गोपाळराव टेम्पो आणि सहा पोरं घेऊन आले. टेबल घासून गुळगुळीत झालं होतं, पण पॉलिश व्हायचं होतं. बिज्याला पॉलिश ही शोभेची गोष्ट नाही. हे लाकूड ओलं झालं की रंग सोडतं, म्हणून त्याच्या छिद्रांची तोंडं बंद करावीच लागतात, वरून, खालून, खुरांच्या तळापर्यंत. हे प्रेमानंदला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पूर्वीचा प्रेमानंद टेम्पोच्या आडवा झोपला असता.

"आठ दिवस अजून लागतात याले," तो म्हणाला.

"कार्यक्रम होऊ दे ना गा. मंग वर येऊन करून घे पॉलिश. भंतेजी येऊन राहिले, पत्रिका वाटल्या."

"न्या मंग," तो म्हणाला. पाणी लागू देऊ नका, एवढं सांगायचं होतं. ते त्याच्या मनात आलंही. पण पोरं टेबल उचलायला लागली, एकानं फळीला चुकीचा हात घातला, तो त्याला सांगायला गेला आणि ते राहून गेलं.

बुद्धपौर्णिमेला नागपुरात पारा पंचेचाळीसवर होता. अभ्यासिकेत टेबलावर पांढरी स्वच्छ चादर अंथरली होती, त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलदाण्या. भंतेजींना गरम होऊ नये म्हणून टेबलाच्या डोक्याशी मोठा कूलर लावला होता आणि हा कूलर हवेबरोबर पाण्याचे थेंबही फेकत होता. पहिल्या अर्ध्या तासात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्रिसरण झालं, पंचशील झालं, गोपाळराव बोलायला उभे राहिले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सुरुची गजभिये, जी टेबलाला टेकून बसली होती, आपल्या पांढऱ्या साडीकडे बघत दचकून उठली. पदरापासून कमरेपर्यंत पिवळसर तपकिरी ओघळ. मग सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. चादरीवर, मूर्तीच्या अगदी पायाशी, चहा सांडावा तसे डाग फुटत होते आणि बघता बघता पसरत होते.

"रंग सोडून राहिलं वं हे!" कुणीतरी बाई म्हणाली.

मागून एका पुरुषाचा आवाज आला, "रंग देलेला हाय लाकडाले. बाभूळ असन. बिजा म्हून गळ्यात मारलं."

सगळे प्रेमानंदकडे वळले. तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता.

"काय हे प्रेमानंद?" गोपाळरावांनी विचारलं. त्यांचा आवाज माइकमधून साऱ्या वस्तीत गेला. "रंग लावला काय तू?"

एका वाक्याचं उत्तर होतं. बिजा ओला झाला की रंग सोडतो. पण प्रेमानंद डागांकडे बघत उभा राहिला. मग त्यानं चपला घातल्या आणि भर दुपारच्या उन्हात चालत घरी गेला.

पुढच्या दहा दिवसांत वस्तीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. विहाराच्या कामात फसवलं, म्हणजे काय राहिलं? दोन गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलेली कामं काढून घेतली. टेबल अभ्यासिकेच्या भिंतीशी सरकवून ठेवलं होतं, त्यावर कुणी बसत नव्हतं, पोरं पुन्हा प्लॅस्टिकच्या टेबलांवर गेली. प्रेमानंद रोज साडेआठला शेड उघडत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मयुराची ड्यूटी होती; वस्तीतलं हे बोलणं तिला पुढे कंपनीत फोनवर मैत्रिणीकडून कळलं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिनं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"काहून नाही बोलले तुम्ही? बाबा! लोकं चोर म्हणून राहिले तुम्हाले!"

"म्हणू दे."

"म्हणू दे म्हणजे? ते बिजाच आहे ना?"

"हाय ना."

"मग सांगा ना तसं जाऊन!"

प्रेमानंदनं हात पुसले. "सांगून काय होते?" तो म्हणाला. ते रागानं नव्हतं, तिरकं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं सांगून काय होतं ते. मयुरानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती त्याच्याशी भांडायची थांबली.

शनिवारी सुट्टी होती. ती स्कूटी काढून धोंडबाच्या गोदामात गेली. धोंडबानं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू थुंकून म्हणाला, "अडाणी लोकं. रंग सोडते म्हून तं बिजा हाय तो! बाभूळ कायले सोडते? हे पाह्य पोरी, त्याचा चुरा घे, काचेच्या गिलासात पाण्यात टाक अन् उन्हात धर. निळं दिसते, मोरपिसावानी. दुसऱ्या कोणत्या रंगाचं असं होते ते दाखव म्हणा."

मयुरानं आईचं ते पाणी दोन वर्षं रोज पाहिलं होतं, पण लाकडी पेल्यात, ओट्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. निळं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी वंदनेला विहारात गर्दी असते. मयुरानं प्रेमानंदला सोबत यायला सांगितलं. कशाला ते सांगितलं नाही. तोही काही न विचारता आला. वंदना संपल्यावर तिनं पिशवीतून दोन काचेचे ग्लास काढले आणि पाणी भरून विहाराच्या कठड्यावर ठेवले. एकात दुकानातून आणलेल्या, लाकडाला लावायच्या रंगाचे चार थेंब टाकले. मग गोपाळरावांना वर अभ्यासिकेत नेलं, टेबलाच्या खालच्या बाजूनं त्यांच्याच हातानं पटाशीनं चुरा काढायला लावला आणि तो दुसऱ्या ग्लासात टाकला.

लोक जमले. दहा मिनिटांत दोन्ही पाणी सारखंच तपकिरी दिसायला लागलं.

"आता इकडून पाहा," मयुरा म्हणाली आणि तिनं ग्लासांच्या मागं आपली काळी ओढणी धरली.

ऊन वरून पडत होतं. एका ग्लासातलं पाणी तसंच होतं, गढूळ. दुसऱ्याच्या पृष्ठभागावर निळा रंग उतरला होता, असा की बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. गोपाळरावांनी ग्लास उचलून डोळ्यांशी नेला, फिरवला, पुन्हा उन्हात धरला.

"चूक झाली गा," ते म्हणाले. प्रेमानंद मागे उभा होता, त्याच्याजवळ ते चालत गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "पण तू काहून नाई बोलला?"

प्रेमानंद म्हणाला, "पॉलिश बाकी होतं. पाणी लागू देऊ नका म्हून सांगाचं राहिलं. ते माझंच चुकलं."

बस, एवढंच. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, मयुराचीही तीच अपेक्षा होती, ती त्याच्याकडे बघत होती. त्याला फक्त ऊन लागत होतं.

तेवढ्यात सुरुचीची सासू कौतिकाबाई गर्दीतून पुढे आली. सत्तरीची, ठेंगणी, तोंडात दात मोजकेच. तिनं ग्लासात बोट बुडवून चाखलं.

"हेच नं ते साखरेचं लाकूड?" ती म्हणाली. "माह्या भावानं सांगतलं होतं. बाबू, मले एक पेला करून दे ना याचा. त्या गोळ्या घेऊन घेऊन माहा जीव कावला. पोटात कसंतरी होते. हे पाणी पेईन अन् त्या गोळ्या फेकून देईन."

"मले बी एक सांगा," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोनतीन हात वर झाले. गोपाळराव हसले, म्हणाले, "पाह्य, बसल्या जागी ऑर्डर मिळाली तुले!"

"नाई," प्रेमानंद म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण वर झालेले हात खाली आले. त्यानं कौतिकाबाईच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"गोळ्या सोडाच्या नाई, बाई. अंजनानं सोडल्या होत्या."

ग्लास त्यानं हातातच धरून ठेवला.

"मी पेला करून देला तिले. पयले दोन महिने साखर कमी आली. तवा गोळ्या बी चालूच होत्या, पण मले वाटलं पेल्यानंच आली. मी लोकाले सांगत फिरलो. मंग ती म्हणे, गोळ्यानं मळमळ होते, सोडू का? मी म्हटलं सोड. म्हटलं, माह्या लाकडावर माहा भरवसा हाय." तो थांबला. बोलताना तो कौतिकाबाईकडेच बघत होता, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतं. "आठ महिने तिनं गोळी घेतली नाई. मले माहीत होतं. डॉक्टरनं विचारलं तवा मी म्हटलं, घेते ना. टेबलासाठी हे लाकूड चांगलं हाय. दारासाठी चांगलं हाय. शंभर वर्सं हलत नाई. पण औषध म्हून मी याचा पेला कोनाले करून देणार नाई."

त्यानं ग्लासातलं पाणी कठड्यापलीकडे ओतलं. मग ग्लास मयुराच्या हातात द्यायला वळला तेव्हा ती तिथे नव्हती.

ती पायऱ्या उतरून स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली होती. तो आल्यावर तिनं स्कूटी चालू केली. तो मागे बसला. घरापर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. त्यानंतरचे चार दिवसही झाला नाही. डबा ओट्यावर तयार असायचा, चपात्या मोजून तितक्याच, आणि ती निघून गेलेली असायची. प्रेमानंदला वाटलं, हे असंच राहणार. ठीक आहे. आपण केलं ते तिला कळायलाच हवं होतं.

पाचव्या दिवशी तो पॉलिशचं सामान घेऊन अभ्यासिकेत गेला. खिडक्या उघडून त्यानं सबंध टेबल पुन्हा घासलं, डागांसकट वरचा पापुद्रा काढला. भुसा बसू दिला, ओल्या नव्हे तर कोरड्या फडक्यानं पुसला. छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा पहिला हात मारला. लाकूड एकदम गडद झालं आणि ज्या रेषा इतके दिवस धूसर होत्या त्या वर आल्या. पोरांनी येऊन टेबल उलटं करून दिलं, मग त्यानं खालूनही सीलर लावला, खुरांच्या तळाला तर दोनदा. सुकेपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिला.

मयुरा कामावरून सरळ तिकडेच आली. दारात उभी राहिली. आत सीलरचा वास भरला होता.

"जेवले?" तिनं विचारलं.

"हो."

"डबा भरलेला दिसून राहिला."

त्यानं डब्याकडे पाहिलं. डबा खरंच भरलेला होता. ती आत येऊन त्याच्यापासून दोन हातांवर खाली बसली, बॅग मांडीवर घेऊन.

"मलेही माहीत होतं," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं, गोळ्या बंद केल्या म्हणून. म्हणे बाबाले काही सांगू नको. मी नेटवर वाचलं होतं असं करू नये. आणि मी गप बसली. परीक्षा होती माझी. म्हटलं, नंतर पाहू." तिनं बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. "मले वाटायचं फक्त मलेच माहीत होतं. इतके महिने मी तुमच्या तोंडाकडे पाहून हाच विचार करून राहिली का, यांना कळलं तर काय होईल."

प्रेमानंदला रडू येईल असं क्षणभर वाटलं, पण आलं नाही. त्यानं डबा उघडला, एक पोळी तिच्यापुढे धरली. तिनं घेतली. वांग्याची भाजी होती. दोघांनी तिथेच, ओल्या सीलरच्या वासात बसून खाल्लं.

सीलरनंतर मेलामाइन पॉलिशचे तीन हात झाले. प्रत्येक हातानंतर एक दिवस सुकवणं, बारीक कागदानं घासणं. मयुरा संध्याकाळी येऊन घासायला लागायची. तिचा हात चुकीच्या दिशेनं जायचा, तो म्हणायचा, "रेषेच्या संग चालव." दुसरं बोलणं फारसं नव्हतं. शेवटच्या दिवशी गोपाळरावांनी स्वतः एक तांब्या पाणी आणून टेबलावर ओतलं, अर्धा तास तसंच ठेवलं आणि पांढऱ्या रुमालानं टिपलं. रुमाल पांढराच राहिला. तो त्यांनी सगळ्या पोरांना फिरवून दाखवला. जूनमध्ये अभ्यासिकेत बारा फुटांच्या टेबलाभोवती अठरा जण बसायला लागले.

गेलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक परत आलं. पेल्यासाठी मात्र लोक अधूनमधून येतच राहिले, बाहेरगावचेही, कुणीतरी पत्ता दिलेला असायचा. प्रेमानंद प्रत्येकाला बसवून तीच हकीकत सांगायचा, त्याच शब्दांत. सांगताना त्याचा आवाज बदलायचा नाही. काही लोक ऐकून जायचे, काही दुसरीकडून पेला आणायचे.

कौतिकाबाई मात्र रोज सकाळी दुधाला जाताना शेडसमोर थांबायला लागली.

"घेतली गा बाबू गोळी," ती बाहेरूनच ओरडायची. "न्याहारीच्या आंधीची बी अन् नंतरची बी."

"बरं," तो आतून म्हणायचा. हातातलं काम थांबवायचा नाही.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी ती आली नाही. प्रेमानंद एका कपाटाची चौकट जुळवत होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. त्यानं चौकट आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. काटकोन काही केल्या जुळेना. दहाच्या सुमारास त्यानं शेडला कुलूप लावलं आणि गजभियांच्या घराकडे निघाला. गेल्या वर्षभरात हातातलं काम अर्धवट टाकून कुलूप लागायची ही पहिलीच वेळ. त्याची चाल नकळत इतकी वाढली होती की दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

सुरुची कपडे वाळत घालत होती. त्याला पाहून तिनं पदर सावरला.

"कौतिकाबाई?" त्यानं विचारलं.

"आत्याबाई काटोलले गेल्या ना, पोरीकडे. कालच्या बसनं. काहून, काय झालं?"

"गोळ्या?"

"नेल्या ना बाप्पा," सुरुची म्हणाली. "पंधरा दिवसांच्या. मीच भरून देल्या थैलीत."

"बरं," प्रेमानंद म्हणाला. तो तिथेच ओट्यावर टेकला. सुरुचीनं पाणी आणून दिलं, ते त्यानं सगळं प्यायलं आणि अजून मागितलं.